ओडिसियसच्या हुशारीविषयी मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. पत्र लिहिण्यास कारण की, प्राचीन ग्रीक कवी होमरचे ओडिसी वाचून झाल्यावर तू जो प्रश्न विचारला आहेस, तो फोनवर दोन वाक्यांत निकालात काढावा असा नाही, आणि या विषयावरचे माझे म्हणणे तुला सविस्तर कळावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. तू लिहितोस की इलियडमधला ग्रीक वीर अकिलीस कितीही संतापी असला तरी त्याच्यावर जीव जडतो, त्याचा शत्रू असलेल्या ट्रॉयच्या हेक्टरच्या मृत्यूने डोळे भरून येतात. पण ट्रॉयच्या युद्धावरून घरी परतणारा इथाकेचा हा राजा ओडिसियस पदोपदी खोटे बोलतो, स्वतःच्या सोबत्यांना अंधारात ठेवतो, त्यांचे बळी जाऊ देतो आणि अखेरीस एकटाच सुखरूप घरी पोहोचतो. मग अशा माणसाला महाकाव्याचा नायक म्हणायचे ते कशाच्या आधारावर?

तू दाखवलेले दोष खरे आहेत आणि त्यांतला एकही मी खोडून काढणार नाही. माझा मतभेद एवढाच की, हुशारी एका पारड्यात आणि दोष दुसऱ्या पारड्यात टाकून ओडिसियसचे वजन करण्याची जी पद्धत आहे, ती या काव्याला लागू पडत नाही. होमरने या माणसाच्या ठिकाणी दोन्ही गोष्टी एकाच मुळातून उगवलेल्या दाखवल्या आहेत. आपल्या मनातले कोणाच्याही हाती द्यायचे नाही, ही त्याची खोल रुजलेली सवय हे ते मूळ आहे. तिच्यामुळे तो स्वतः वाचतो आणि तिच्यापायीच त्याची माणसे मरतात.

ही सवय ओडिसीतच दिसते असे नाही. ट्रॉयच्या युद्धावरचे होमरचे आधीचे महाकाव्य इलियड, त्याच्या नवव्या सर्गात रुसलेल्या अकिलीसची समजूत घालण्यासाठी ग्रीक सेनेचा प्रमुख अगामेम्नन ज्यांना पाठवतो त्यांत ओडिसियस आहे. अगामेम्ननने देऊ केलेल्या नजराण्यांची लांबलचक यादी तो जवळजवळ शब्दशः अकिलीसला ऐकवतो, पण अगामेम्ननचे शेवटचे बोलणे, म्हणजे मी मोठा राजा आहे तेव्हा अकिलीसने माझ्यापुढे नमावे, हे तो शिताफीने गाळतो. वाचकाने ते बोलणे थोड्याच वेळापूर्वी ऐकलेले असते, त्यामुळे काय गाळले गेले हे वाचकाला कळते. अकिलीसने ते ऐकलेले नाही, तरी त्याला काहीतरी खटकते. मनात एक ठेवून तोंडाने दुसरे बोलणारा माणूस मला मृत्युलोकाच्या दारांइतकाच तिरस्करणीय वाटतो, असे तो ओडिसियसच्या तोंडावर सांगतो. तुझी तक्रार मूळची अकिलीसची आहे, हे ध्यानात घे. होमरने ती आधीच मांडून ठेवली, आणि तरीसुद्धा पुढचे महाकाव्य याच माणसाभोवती उभे राहिले.

आता पॉलिफीमसच्या गुहेकडे येतो, कारण सगळा गुंता तिथे उघडा पडतो. ओडिसियस बारा निवडक सोबती घेऊन त्या एकाक्ष राक्षसाच्या गुहेत शिरतो, तेव्हा मालक घरी नाही. पनीराने भरलेल्या टोपल्या आहेत, वयाप्रमाणे वेगवेगळी कोंडलेली करडे-कोकरे आहेत. सोबती विनवतात की पनीर उचलू, करडे-कोकरे हाकलू आणि निघू. तो ऐकत नाही. घरमालक पाहावा, त्याच्याकडून पाहुण्याला मिळते तशी भेट घ्यावी, अशी त्याची इच्छा असते. ऐकले असते तर बरे झाले असते, हे नंतर तो स्वतःच सांगतो. त्या इच्छेची किंमत म्हणून सहा माणसे खाल्ली जातात: संध्याकाळी दोन, सकाळी दोन, पुन्हा संध्याकाळी दोन.

त्यांतल्या पहिल्या रात्रीकडे बारकाईने पाहा. दोन माणसे खाऊन राक्षस मेंढ्यांच्या मधोमध आडवा पडला आहे. ओडिसियस तलवार उपसून, यकृताची जागा हाताने चाचपून वार करण्याच्या बेतात असतो, आणि तेवढ्यात त्याच्या मनात दुसरा विचार येतो: गुहेच्या तोंडावरची शिळा बावीस गाड्यांनीही हलायची नाही, हा मेला तर ती कोण सरकवणार? तो हात आवरतो आणि पहाटेपर्यंत तळमळत बसतो. अकिलीसने त्या क्षणी वार केला असता, असे मला खात्रीने वाटते, आणि मग सगळेच आत गुदमरून मेले असते. संताप गिळून बसणे ही या काव्यातली खरी वीरश्री आहे. पुढचे सगळे डावपेच, म्हणजे ऑलिव्हच्या ओल्या सोट्याला टोक काढून ते विस्तवात कडक करणे, कडक दारू पाजणे, ‘माझे नाव कोणीच नाही’ असे सांगणे, आणि सकाळी मेंढ्यांच्या पोटाखाली लपून बाहेर पडणे, हे त्या एका आवरलेल्या हातातून निघाले आहेत. शेजारचे राक्षस हाकेला धावून येतात, तुला कोण मारते आहे म्हणून विचारतात, आणि ‘कोणीच नाही’ हे उत्तर ऐकून परत जातात. आपले नाव पुसून टाकण्याची तयारी असणारा हा ग्रीक वीरांतला बहुधा एकटाच. बाकीचे सगळे नावासाठी मरायला निघालेले असतात.

आणि तरी तोही त्यांच्यातलाच आहे. जहाज किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर गेल्यावर तो राक्षसाला डिवचतो. राक्षस डोंगराचा कडा फेकतो, लाट उसळते, जहाज पुन्हा किनाऱ्याकडे ढकलले जाते. दुप्पट अंतर तोडून झाल्यावर तो पुन्हा ओरडायला लागतो. चहूबाजूंनी सोबती त्याची समजूत घालतात, अरे, त्या रानटी जिवाला कशाला चिडवतोस म्हणतात, आणि तो कोणाचेही न ऐकता आपले नाव, बापाचे नाव आणि गाव, सगळे सांगून मोकळा होतो. लायर्टिसचा मुलगा, इथाकेचा रहिवासी, नगरे लुटणारा ओडिसियस. राक्षसाला शाप देण्यासाठी नेमके एवढेच हवे होते. तो आपल्या बापाला, समुद्रदेव पोसायडनला, साकडे घालतो की हा घरी पोहोचू नये, आणि नशिबात असलेच तर उशिरा, सगळे सोबती गमावून, परक्याच्या जहाजातून पोहोचावा आणि घरी त्याच्यापुढे संकट वाढून ठेवलेले असावे. पुढचे सगळे सर्ग हा शाप अक्षर न् अक्षर खरा करतात. ज्या हुशारीने त्याने नाव लपवले, ती हुशारी आपली होती हे जगाला कळावे म्हणून त्याला नाव उघड करावे लागले. नुसता धूर्त माणूस गप्प बसून निघून गेला असता. मनस्वी वीराने सुरुवातीलाच नाव सांगितले असते. ओडिसियस दोन्ही आहे आणि दोन्हींचे भोग त्याच्या वाट्याला आले आहेत.

पुढच्या प्रसंगांत त्याची गुप्तता अधिक महाग पडते. वाऱ्यांचा स्वामी इओलस त्याला प्रतिकूल वारे कोंडलेली पिशवी देतो. नऊ दिवस तो शिडाचा दोर कोणाच्याही हाती देत नाही, दहाव्या दिवशी इथाका इतकी जवळ येते की किनाऱ्यावर जाळ करणारी माणसेही दिसतात, आणि तेव्हा थकव्याने त्याचा डोळा लागतो. सोबत्यांना वाटते की पिशवीत सोने-चांदी आहे आणि हा एकटाच ती घेऊन चालला आहे. ते पिशवी सोडतात. सोबत्यांचा लोभ सगळ्यांना दिसतो. पण पिशवीत काय आहे, हे सांगायला नऊ दिवसांत त्याला एकदाही का सुचले नाही, हा प्रश्न मला त्या लोभापेक्षा मोठा वाटतो. त्यानंतर लेस्ट्रिगोनियन राक्षसांच्या बंदरात अकरा जहाजे आत नांगरली जातात आणि तो आपले एकच जहाज बाहेरच्या खडकाला बांधतो. का, ते काव्य सांगत नाही. संशय आला असेल तर तो त्याने इतरांना सांगितला नाही, एवढे निश्चित. आतली अकराही जहाजे माणसांसकट बुडतात; हा तलवारीने दोर तोडून निसटतो.

स्किलाचा प्रसंग मात्र मी या मालिकेत बसवणार नाही, कारण तिथे त्याच्या मौनाला सबळ कारण आहे. सहा तोंडांची ती राक्षसी सहा माणसे घेणारच, हे जादूगार देवी सर्सीने त्याला सांगून ठेवलेले आहे. सांगावे तर वल्ही सोडून सगळे तळाशी दडून बसतील आणि सगळेच मरतील. तो सांगत नाही. सर्सीने बजावले असतानाही चिलखत चढवून, दोन भाले घेऊन तो नाळेवर उभा राहतो, म्हणजे ज्या शत्रूशी लढताच येत नाही त्याच्याशी लढायला. ते सहा जण वर उचलले जाताना त्याचे नाव घेऊन आक्रोश करतात, आणि समुद्रावर जे जे सोसले त्यात याहून करुण दृश्य मी पाहिले नाही, असे तो म्हणतो. नेता म्हणून त्याने तिथे काय करायला हवे होते, हे तूच मला सांग. मला उत्तर सापडत नाही.

इथे एक गोष्ट तुझ्या नजरेतून सुटली असावी असे मला वाटते. गुहा, वाऱ्यांची पिशवी, बंदर, स्किला हे सगळे आपल्याला कळते कसे? नवव्या ते बाराव्या सर्गापर्यंत ओडिसियस स्वतः फीएशियन राजाच्या दरबारात ही हकिकत सांगतो आहे. त्याच्या दोषांचा साक्षीदार तो स्वतःच आहे. खोटे बोलण्यात ज्याचा हात कोणी धरणार नाही, अशा माणसाला हे सगळे झाकणे अवघड होते का? त्याच हकिकतीत युरिलोकस नावाच्या सोबत्याचे बोलणेही तो लपवत नाही. गुहेतले लोक याच्याच बेफिकिरीमुळे मेले, असे युरिलोकस सर्वांदेखत म्हणाला होता, आणि ते ऐकून आपल्याला त्याचे मुंडके उडवावेसे वाटले, हेही ओडिसियस सांगून टाकतो. काव्याच्या प्रारंभी कवीने म्हटले आहे की सोबती स्वतःच्याच बेफिकिरीने, सूर्यदेवाची गुरे खाऊन मेले. पण ती गुरे खाणारे एका जहाजावरचे होते. बाकीच्या अकरा जहाजांनी ती पाहिलीसुद्धा नव्हती. कवी प्रारंभी नायकाची बाजू घेतो आणि नंतर नायकाच्याच तोंडून ती बाजू कमकुवत करून टाकतो. माझ्या मते ही प्रामाणिकता महाकाव्यात फार दुर्मीळ आहे.

आपल्या महाभारतात ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणताच जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा धर्मराजाचा रथ खाली टेकतो, म्हणजे असत्याची खूण त्याच क्षणी उमटते. होमरकडे अशी खूण नाही. तेराव्या सर्गात ओडिसियस इथाकेला उतरतो तेव्हा त्याची पाठराखीण देवी अथीना मेंढपाळ पोराच्या वेषात त्याच्यासमोर येते, आणि तो तिला आपण क्रीट बेटावरून पळून आल्याची पूर्ण बनावट कथा ऐकवतो. देवी रागावत नाही. ती हसते, त्याच्या अंगावरून हात फिरवते आणि म्हणते की तुला मात द्यायची तर देवालाही तितकेच कपटी व्हावे लागेल. अशा आश्रयामुळे हे काव्य असत्याला मोकळे रान देते, असे तुला वाटेल. मला वाटते की शिक्षा इथे आकाशातून येत नाही, सवयीतून येते, आणि ती शेवटच्या सर्गात येते. तिच्याविषयी पुढे लिहितो.

त्याआधी त्याच्या बाजूने दोन शब्द लिहिणे माझे कर्तव्य आहे. अप्सरा कॅलिप्सोच्या बेटावर सात वर्षे अडकलेल्या या माणसाला अमरत्व देऊ केले जाते. आपली पत्नी पेनेलोपी रूपाने कॅलिप्सोपुढे कमी आहे, ती मर्त्य आहे, हे मान्य करून तो तिच्याकडेच जायचे म्हणतो. त्याची आई मृतांच्या लोकात त्याला सांगते की तिला कोणत्या रोगाने नेले नाही, त्याच्या ओढीने, त्याच्या मायाळूपणाच्या आठवणीने नेले. इथाकेच्या सभेतही त्याची आठवण बापासारखा प्रेमळ राजा अशीच काढली जाते. आपल्याच घरात भिकाऱ्याच्या वेषात पडून दासींचे हसणे ऐकताना त्याचे काळीज कुत्रीसारखे गुरगुरते, आणि तो छातीवर हात मारून त्याला समजावतो की, सोस, यापेक्षा वाईट तू राक्षसाच्या गुहेत सोसले आहेस. गुहेत आवरलेला तो हात इथे पुन्हा कामी आला.

पण सोसण्याची ही ताकद सुटल्यावर काय करते, तेही होमर दाखवतो. तो मेला असे धरून पेनेलोपीशी लग्न करायला त्याच्या घरात तळ ठोकून बसलेल्या १०८ वरांची कत्तल होते, आणि तेवढ्याने भागत नाही. बारा दासींना आधी प्रेते उचलायला आणि रक्त पुसायला लावून मग एका दोराला फासावर लटकवले जाते. तलवारीने मारण्याचा हुकूम ओडिसियसचा, फास देण्याची कल्पना त्याचा मुलगा टेलेमाकसची. त्यांचे पाय थोडा वेळ तडफडले, फार वेळ नाही, असे कवी म्हणतो. ती ओळ वाचून झाल्यावर मला नेहमी पुस्तक खाली ठेवावे लागते. या जागी मी ओडिसियसचा बचाव करणार नाही.

त्याच्या हुशारीला तोडीस तोड एकच माणूस आहे, आणि ती त्याची पत्नी. पलंग खोलीबाहेर आणून घाल, असे ती दाईला सहज सांगते. जिवंत ऑलिव्हच्या झाडाचा खांब करून त्याने स्वतः घडवलेला तो पलंग हलूच शकत नाही, हे दोघांनाच ठाऊक. तो एकदम उसळतो, माझा पलंग कोणी हलवला म्हणून विचारतो, आणि या काव्यात तो पहिल्यांदाच बेसावध सापडतो. पेनेलोपी रडत धावत येते आणि म्हणते की रागावू नकोस, कोणी बोलण्याने फसवील या भीतीने मी सारा काळ काढला. ती त्याच्यासारखीच कोणावर विश्वास न टाकता जगली होती, फक्त तिच्या या सावधपणापायी कोणा सोबत्याचा जीव गेला नाही.

आता बापाची भेट. मारामारी संपलेली आहे, घर हाती आले आहे, खोटे बोलण्याचे एकही कारण उरलेले नाही. म्हातारा लायर्टिस मळ्यात एकटा एका रोपाभोवतीची माती उकरतो आहे: ठिगळांचा मळका अंगरखा, काट्यांनी ओरखडू नये म्हणून पायांना बांधलेले चामडे, हातमोजे, डोक्यावर बकऱ्याच्या कातड्याची टोपी. ओडिसियस नाशपातीच्या उंच झाडाखाली उभा राहून रडतो. जाऊन मिठी मारावी की आधी परीक्षा घ्यावी, असा विचार करतो, आणि परीक्षा घ्यायचे ठरवतो. परका बनून, खोटे नाव-गाव सांगून, तुझा मुलगा पाच वर्षांपूर्वी माझ्याकडे पाहुणा होता, असे तो सांगतो. म्हातारा दोन्ही मुठींनी धूळ उचलून आपल्या पांढऱ्या केसांवर ओततो आणि कण्हतो. तेव्हा कुठे मुलाच्या नाकपुड्यांत झोंबते, तो झेप घेतो आणि मीच तो म्हणतो.

बापाला कशाला छळले, हा प्रश्न अभ्यासक पुष्कळ दिवसांपासून विचारत आले आहेत. कोणी म्हणतात की खचलेल्या म्हाताऱ्याला हळूहळू शुद्धीवर आणण्याचा तो मार्ग होता. मला ते पटत नाही. वीस वर्षे ज्या सवयीने त्याला जिवंत ठेवले, ती त्याला आता टाकता येत नाही, एवढेच मला तिथे दिसते. मी ज्या शिक्षेविषयी वर लिहिले ती हीच. आणि विशेष असे की बाप उलट त्याच्याकडे पुरावा मागतो. जखमेचा व्रण दाखवूनही ओडिसियस थांबत नाही. लहानपणी बापाच्या मागे मागे याच मळ्यातून फिरताना प्रत्येक झाडाचे नाव विचारले होते आणि बापाने ती झाडे आपल्याला देऊ केली होती, याची तो आठवण देतो: तेरा नाशपाती, दहा सफरचंदे, चाळीस अंजीर, द्राक्षवेलींच्या पन्नास ओळी. ज्या माणसाच्या तोंडून आपण इतके सर्ग बनावट नावे आणि बनावट गावे ऐकली, त्याच्या तोंडून ही खरी मोजणी ऐकताना लायर्टिसचे गुडघे लटपटतात, आणि माझीही अवस्था फारशी वेगळी नसते.

काव्य इथे थांबले असते तर तुझ्या प्रश्नाला धार उरली नसती. होमर थांबत नाही. वरांपैकी मारल्या गेलेल्या अँटिनूसचा बाप युपेथीस सभेत रडत उभा राहतो आणि म्हणतो की या माणसाने जहाजे भरून चांगली माणसे नेली, जहाजेही घालवली, माणसेही घालवली, आणि परत येऊन इथले उत्तम लोक मारले. या आरोपात एक अक्षरही खोटे नाही. त्याला शब्दांनी उत्तर देता येईल असे काही ओडिसियसकडे नाही, आणि इतका बोलका माणूस तिथे उत्तर द्यायला उपस्थितही नाही. शेवटी भाले चालतात, युपेथीस मरतो, आणि अथीनेला मध्ये पडून भांडण थांबवावे लागते. तहाने आरोप मिटला, असे मला वाटत नाही. नंतरच्या ग्रीकांनाही ते वाटले नसावे. सोफोक्लीसच्या एका नाटकात हाच ओडिसियस मेलेल्या शत्रूला माणुसकीने दफन मिळावे म्हणून भांडतो आणि इ. स. पू. ४०९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या दुसऱ्या नाटकात अकिलीसच्या कोवळ्या मुलाला खोटे बोलायला शिकवतो. एकाच नाटककाराला दोन्ही खरे वाटले.

म्हणून तुझ्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, मी त्याला नायक म्हणतो, पण युपेथीसचे बोलणे ऐकून घेऊन म्हणतो. तू एकोणिसावा सर्ग पुन्हा सावकाश वाच. चुलीच्या उजेडात भिकारी आणि राणी समोरासमोर बसली आहेत, आणि धनुष्याची पैज लावून ती जिंकणाऱ्या वराशी लग्न करण्याचा बेत ती त्यालाच सांगते. तिने त्याला तेव्हाच ओळखले होते की नाही, यावर तुझे मत मला हवे आहे. माझा कल ओळखले नव्हते याकडे आहे, पण तू वेगळे सिद्ध केलेस तर पेनेलोपीविषयी वर लिहिलेला परिच्छेद मला नव्याने लिहावा लागेल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. उत्तर सवडीने पण नक्की पाठव. कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा ही विनंती.

तुझा स्नेहांकित मित्र